पोरगी कुणावर गेली

तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाला गावात मित्र कमी आणि नमस्कार फार. दुकानदार त्याला लांबून हात जोडतात, खुर्ची पुसून देतात, चहा मागवतात. पण तोच माणूस आपल्या काट्यापाशी जरा जास्त वेळ रेंगाळला की ते गल्ल्यापाशी उगाच चाळवाचाळव करू लागतात. रतीभर अप्पांनी हे चाळीस वर्षं पाहिलं आणि चाळीस वर्षं त्याची मजा घेतली.

रतीभर हे नाव लोकांनी ठेवलेलं. काटा तपासून झाला की अप्पा कानावरची पेन्सिल काढत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "रतीभर इकडे नाही, रतीभर तिकडे नाही." दिवसातून इतक्या वेळा म्हणत की त्यांचं खरं नाव टपालवाल्यालाही पाकीट उलटंपालटं केल्याशिवाय आठवत नसे.

दुकान अरुंद, बोगद्यासारखं. एका भिंतीला पितळी पारडी टांगलेली, दुसरीला दांड्या, मध्ये एक जाड फळीचं टेबल आणि त्याला पकड बसवलेली. कोपऱ्यात शिसं वितळवायची छोटी शेगडी. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं, हे रोज वजन हाताळणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. वजन वर्षानुवर्षं उचलून, आपटून, घासून झिजतं. मग ते अप्पांकडे येई. अप्पा बुडात थेंबभर शिसं घालत, थंड होऊ देत, कानशीनं कडा मारत आणि किलोला पुन्हा किलो करत. सकाळी उन्हाची तिरीप दारातून आत आली की ती टांगलेली पारडी एकेक करून उजळत जात, आणि अप्पा हातातलं काम थांबवून ते बघत. शेवटचं पारडं उजळलं की पुन्हा कानस सुरू.

मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिला तासाभराच्या आत स्वतःच्या काट्यावर तोललं. दवाखान्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन किलो तीनशे वीस. फडक्याचा धडा, म्हणजे त्याचं वजन, वजा करून. इतका हलका माल बघून त्यांनी तिला गुंजी म्हणायला सुरुवात केली. पूर्वी सोनार ज्या लाल बीनं सोनं तोलायचे, ती गुंज. पुढे गुंजी चांगली उंच झाली, रुंद खांद्यांची झाली, पण नाव तेच राहिलं. वयाच्या बाराव्या वर्षी ती डोळे मिटून हातानं वजन सांगायची. तेहतिसाव्या वर्षी बापाहून चांगली कारागीर होती. काट्याचे तराजू अप्पांचे, आकडे उजळणारे तराजू तिचे. ती नसती तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं, आणि हे अप्पा कबूल करत, फक्त मोठ्यानं नाही.

स्थळं सात आली. सातांनाही गुंजीनं चहा दिला, सातांच्याही घरचे तराजू बरोबर आहेत का ते विचारलं, आणि सातांनाही नको म्हटलं. आठवं यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली,

"त्यांना येऊ नका म्हणून कळवा. मला एकटं राहायचंय असं नाही. मला पुरुषाबरोबर राहायचं नाही."

अप्पांनी कप बशीत ठेवला. तिच्या आईनं, माईंनी, कुणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "आणखी चहा आहे, कुणाला हवाय?"

मग गुंजीनं सगळं सांगितलं. गुरांच्या बाजाराजवळ जी जनावरांची डॉक्टरीण राहते, ती आणि आपण, दोन वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंना लांबच्या गावातून नोकरीचं पत्र आलंय, राहायला घरही मिळणार आहे. येत्या बुधवारपर्यंत होय की नाही ते कळवायचंय.

"वरची खोली दिलीत तर ती नाही म्हणून कळवेल. इथंच स्वतःचा दवाखाना चालवेल आणि आम्ही दोघी वर राहू. नाही दिलीत तर मी तिच्याबरोबर जाईन. भांडून नाही जायची, सांगून जाईन."

वरच्या खोलीत मोडके तराजू भरलेले होते. अप्पा काही वेळ छताकडे बघत राहिले, जणू वजन तिथूनच खाली येणार होतं.

"हे जन्माचं की वळणाचं?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जन्माचं असलं तर त्याला कोण काय करणार. वळणाचं असलं तर आमच्या हातून काही चुकलं असणार. आणि चुकलेलं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे."

"मी बिघडलेली नाही, अप्पा."

"ते काटा सांगेल."

माईंना वाटलं, म्हातारा बोलण्यापुरतं बोलला. पण अप्पा बोलण्यापुरतं बोलत असते तर आणखी काय हवं होतं. रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून त्यांनी मोठा पितळी तराजू मधोमध टांगला. डाव्या पारड्यावर खडूनं लिहिलं, जन्म. उजव्यावर लिहिलं, वळण. समोर छोट्या वजनांची पेटी उघडून ठेवली. साक्षीला थोरल्या बहिणीला बोलावलं होतं, कारण गुंजीला जन्मापासून पाहिलेली माणसं थोडीच उरली होती. अक्का आल्या, सोबत त्यांचा मुलगा, टायरच्या दुकानाचा मालक, गुंजीचा दादा. भरघोस मिश्यांचा, तीन पोरांचा बाप. तो का आला ते त्यालाही माहीत नव्हतं. आईला सोडायला आला होता आणि तिनं त्याला स्टुलावर बसवलं.

गुंजी टेबलापाशी एका स्वयंपाकघरातल्या काट्याची स्प्रिंग बदलत होती. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "पण काम थांबवणार नाही."

"नियम सांगतो," अप्पा म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलेलं कारण पन्नास ग्रॅम. ऐकीव कारण पाच."

अक्कांनी पदर सावरला. त्या जणू आठवडाभर याचीच वाट पाहत होत्या. "खाण तशी माती. माझं तरी हेच म्हणणं आहे."

"म्हण पाच ग्रॅम," अप्पा म्हणाले आणि डाव्या पारड्यात पाच ग्रॅम टाकले.

"पाचच?"

"म्हण म्हणजे ऐकीवच की."

"बरं, मग हे घे. तुझ्या बायकोची मावशी. लग्न केलं नाही. त्या दुसऱ्या शिक्षिकेबरोबर एका घरात जन्म काढला."

"त्या दोघींनी मिळून शाळा काढली होती," माई म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी."

"हेही ऐकीव," अप्पांनी पुन्हा पाच उचलले.

"ऐकीव कसं?" माई चिडल्या. "मी दोन वर्षं त्यांच्याकडे राहून शिकलेय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकीला ताप आला तर दुसरी जेवायची नाही."

अप्पांनी पाच खाली ठेवून पन्नास उचलले आणि डाव्या पारड्यात घातले. पारडं खाली गेल्यावर माईंच्या लक्षात आलं की आपण आपल्याच माहेराविरुद्ध साक्ष दिली. त्या अक्कांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमचे धाकटे काका? बोटीवर नोकरीला गेले ते एका मित्राबरोबर गेले. परत आले ते त्याच्याबरोबर आले. म्हातारे झाले तेही त्याच्याबरोबर."

"ते मित्र होते," अक्का म्हणाल्या.

"माझ्या मावशीची ती खाण आणि तुमच्या काकांचा तो मित्र?"

दादानं मिशीवरून हात फिरवून हसू पुसलं. अप्पांनी न बोलता आणखी पन्नास डावीकडे घातले. घराण्याची गोष्ट होती, पण त्या काकांच्या मांडीवर ते स्वतः खेळले होते.

"तरीही," अक्कांनी मोर्चा फिरवला, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पोरीला कधी पोरीसारखं वाढवलंत? मी हिला पाचव्या वर्षी बाहुली आणली होती. डोळे मिटणारी."

"पुढे काय झालं?" अप्पांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, पण साक्ष पूर्ण व्हायला हवी होती.

"हिनं ती तोलली आणि परत दिली."

"एकशे ऐंशी ग्रॅम," गुंजी मान वर न करता म्हणाली. "डोळे काचेचे होते."

"बघ. हिच्या हातात लोखंडाची वजनं कुणी दिली?"

"मी दिली," अप्पा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं पन्नास ग्रॅम उजवीकडे घातले, आणि घालताना त्यांचा हात जरा थांबला. "म्हणीचे पाचही घालतो."

"पण दिवसभर आई घरात असताना पोरगी दुकानात का? आईचं लक्ष नको?" अक्का म्हणाल्या. दोन कारणांचे आणखी दोन पन्नास उजवीकडे पडले. पारडी वर-खाली झुलत राहिली.

माई उठल्या आणि तराजूपाशी आल्या. "मला एक कळत नाही, अक्का. डावं पारडं भरलं तर दोष माझ्या माहेरचा. उजवं भरलं तर दोष माझ्या हातचा. तुमच्या घराण्यानं या पोरीला दिलं तरी काय, नुसतं आडनाव?"

"मी कुठं दोष म्हणाले? मी कारण म्हणाले. आणि कारण काहीही असो, हे सृष्टीच्या नियमात नाही. जनावरांत तरी असतं का असलं?"

"असतं," गुंजी म्हणाली. स्प्रिंग तिनं दातात धरली होती, ती काढून हातात घेतली. "नदीपलीकडच्या मेंढपाळाकडे एक मेंढा आहे. जातिवंत, चांगला तगडा. कळपातल्या एकाही मेंढीकडे बघत नाही. दुसरा मेंढा दिसला की कुंपण ओलांडतो. मेंढपाळ दवाखान्यात येऊन रडला. म्हणाला, डॉक्टरीणबाई, माझ्या वळणात काही चुकलं का?"

"मग?"

"ती म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही. पिलं हवी असतील तर दुसरा मेंढा घ्या, आणि याला सुखानं चरू द्या."

दादा आता उघडच हसला. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो छताकडे बघू लागला.

गुंजीनं स्प्रिंग बसवली, हात फडक्याला पुसले आणि प्रथमच स्टूल फिरवून तराजूकडे तोंड केलं. "अप्पा, काटा तपासलात?"

हा प्रश्न अप्पांना चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे काय?"

"तुम्हीच शिकवलंत. या पारड्यातला माल त्या पारड्यात घालून बघितल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. तुम्ही नुसतं मलाच तोलताय. माझ्या जागी दुसरं कुणी ठेवून बघा. दादाला ठेवा."

"त्याला काय झालंय?" अक्का म्हणाल्या.

"काही झालं नाही, आत्या. तेच बघायचं, का नाही झालं."

अप्पा माणूस हट्टी, पण धंद्यातल्या नियमापुढे त्यांचा हट्ट चालत नसे. त्यांनी सगळी वजनं उतरवली आणि पारडी पुसली. मग दादाकडे वळले. "धाकटे काका तुझेही आजोबाच लागतात. ते माझे तसे तुझ्या आईचे काका. बरोबर?"

"बरोबर, मामा." पन्नास डावीकडे.

"खाण तशी माती, ही म्हण तुलाही लागू." पाच डावीकडे.

"हा चार बहिणींच्या पाठीवरचा," माई पुढे झाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "चार वर्षांचा होईतो बहिणींचे झगे घालून फिरायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. एक पिवळा होता, लेसचा."

"मामी," दादा म्हणाला.

"बहिणींची भातुकली याच्याशिवाय मांडली जायची नाही. चहा हाच करायचा." पन्नास आणि पन्नास उजवीकडे. "आणि ढवळ्याशेजारचा पवळ्या तर हाच." पाच.

"पण याला बायको आहे," अक्का म्हणाल्या. "तीन पोरं आहेत."

"तेच तर," गुंजी म्हणाली. "इतकी कारणं असून हा असा कसा? दादा, तुला मुली कधीपासून आवडतात?"

दादानं आईकडे पाहिलं. "हिच्यासमोर सांगू?"

"सांग. साक्ष आहे."

"चौथीपासून. पुढच्या बाकावर एक बसायची. खडू खायची."

"कुणी शिकवलं, ती आवडून घे म्हणून?"

"कुणी कशाला शिकवेल?"

"मग ठरवून आवडली?"

"खडू खाणारी मुलगी कुणी ठरवून आवडून घेतं का, गुंजे?" दादा म्हणाला, आणि पस्तीस वर्षांपूर्वीची ती मुलगी आठवून त्याच्या मिश्यांखाली काहीतरी हललं. "लिहिताना जीभ बाहेर काढायची. बस, तेवढंच."

अप्पा तराजूकडे बघत होते. तीच कारणं, तीच वजनं, जवळजवळ तितकाच कल. आणि माल निघाला दुसराच. दोन वेगळ्या मालांना एकच वजन सांगणारा काटा कुणी दुरुस्तीला आणला असता, तर त्यांनी त्यावर खडूनं बाद असं लिहून तो भिंतीला लावला असता. त्यांनी फडकं घेतलं आणि पारड्यांवरचे दोन्ही शब्द पुसले. जन्म चटकन गेला. वळण जरा घासावं लागलं.

"मग काय ठरलं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही ठरलं. घरी जा."

सोमवार अप्पांनी कानस घासण्यात घालवला. बुधवार जवळ येत होता. जेवताना ते गुंजीच्या हातांकडे बघत. त्या हातांनी उद्या दुसऱ्या कुठल्या गावातले तराजू उघडले असते, आणि इथल्या फळीवर कानस एकट्यानंच वाजली असती. पण ती राहावी म्हणून खोली द्यायची, हे त्यांना पटत नव्हतं. तो सौदा झाला असता. त्यांना पटायला हवं होतं.

मंगळवारी गुंजी धान्यबाजारात कामाला गेली आणि त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. वजन हातात आलं की आपण ते कुठल्या कारखान्यात ओतलं हे कधी विचारत नाही. खरं आहे की खोटं, एवढं बघतो. त्यांनी पिशवीत पाच किलोचं तपासणीचं वजन टाकलं आणि ते गुरांच्या बाजाराकडे चालू लागले. डॉक्टरीण खरी आहे की खोटी, ते बघायला.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत जमिनीवर फळीचा जुना दांडीचा काटा, सरकत्या वजनाचा, आणि त्याच्यावर एक शेळी नाइलाजानं उभी. शेळीवाला तिचे कान धरून होता. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, केसांत गवताची काडी. अप्पांना बघून त्या घाबरल्या, पण हात थांबले नाहीत. त्यांनी दांडीवरचं वजन सरकवलं, वाकून बघितलं आणि वहीत लिहिलं. मग औषध मोजून शेळीच्या घशात ओतलं.

शेळीवाला गेला. अप्पा म्हणाले, "काटा एकतीस चारशे दाखवत होता. तुम्ही एकतीस दोनशे लिहिलंत."

"तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, अप्पा."

"माझ्या दुकानातून दुरुस्त झालेला काटा?"

त्यांनी औषधाची बाटली फडताळात ठेवली. अप्पांनी पिशवीतलं पाच किलोचं वजन फळीवर ठेवलं. पाच किलो दोनशे. त्यांनी ते उचललं, पुन्हा ठेवलं. पाच दोनशे. मग गुडघे मोडून जमिनीवर बसले, फळी काढली आणि आत हात घातला. आतून एक शिशाची चकती निघाली. गोल, चपटी, तळाशी तारेनं बांधलेली. कडा इतक्या सुबक मारलेल्या की कानशीचा एकही ओरखडा उलटा नव्हता. अशा कडा मारणारी जगात दोनच माणसं होती, आणि एक ते स्वतः होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई समोर स्टुलावर बसल्या. "पहिल्यांदा काटा खरंच बिघडला होता. ती आली, दुरुस्त करून गेली. दुसऱ्यांदा मी उगाच बोलावलं. तिसऱ्यांदाही. तेव्हा ती म्हणाली, काटा बरोबर असताना दुरुस्तीला जाते असं अप्पांना सांगायला मला जमत नाही. जायचं तर बिघाड खरा पाहिजे. म्हणून तिनं हे बसवलं. दर दुसऱ्या गुरुवारी येते, काढते, काटा खरा करते. आम्ही चहा पितो. जाताना परत बसवते."

"आणि जनावरांची औषधं?"

"दोनशे वजा करून. वही बघा. दोन वर्षांत एकदाही चुकले नाही."

अप्पांनी वही बघितली. खरोखर बघितली, पानं उलटून, बोट लावून. मग चकती तळहातावर झेलत म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. हे जन्माचं असतं की वळणाचं?"

"शिकलेले लोक अजून शोधतायत, अप्पा. थोडं रक्तातलं, थोडं आईच्या पोटातलं, थोडं कुणालाच न उलगडलेलं, असं म्हणतात. एक मात्र मी स्वतःवरून सांगते. कुणी शिकवून येत नाही आणि कुणी मोडून जात नाही. माझ्यावर घरच्यांनी सगळे उपाय करून बघितलेत." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, शेळीचं वजन सांगावं तसं.

अप्पा उठले. फळी नीट बसवली, पाच किलो ठेवून बघितलं. पाच. चकती खिशात घातली आणि घरी आले.

माई स्वयंपाकघरात पीठ चाळत होत्या. अप्पांनी चकती त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. "माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी काटा खोटा ठेवते. दोन वर्षं. हे मी शिकवलेलं नाही, रतीभरही नाही. हे रक्तातलं आहे. हे तुझ्या माहेरचं आहे."

माईंनी चकती उचलली, उलटसुलट केली आणि चाळण बाजूला ठेवून खाली बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. अप्पांना वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"माझ्या वडिलांच्या दुकानातला धान्याचा मोठा काटा," त्या म्हणाल्या, "तुम्ही किती वेळा दुरुस्त केलात हो? लग्नाआधी."

अप्पांनी चाळणीतलं पीठ उगाच हलवलं.

"अकरा आठवडे. दर शनिवारी. वडील म्हणायचे, इतका काटेकोर कारागीर आणि एक काटा ताब्यात येत नाही. लग्न ठरल्यावर मी पारड्याखाली हात घातला. मेणाची गोळी होती. नव्वद ग्रॅमची."

"पंच्याऐंशी," अप्पा म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. आता परत घेता येत नव्हतं.

"छत्तीस वर्षं मी बोलले नाही. म्हटलं, कारागिराची अब्रू आहे, असू दे. पोरीला कधी सांगितलंत?"

"कुणालाच नाही सांगितलं."

"मग तिला शिकवलं कुणी?" माईंनी डोळे पुसले. "अक्कांना निरोप धाडू का, पोरगी कुणावर गेली ते कळलं म्हणून?"

"अक्काला सांगू नकोस."

अप्पा ओट्याला टेकून उभे राहिले. मग हळूच, शेवटचा मोहरा सरकवावा तसे म्हणाले, "ते काट्याचं झालं. पण तिचा जीव बाईवर जडला, ते कुठून आलं?"

"तुमचा कुणावर जडला होता?" माई म्हणाल्या. "बैलावर?"

संध्याकाळी गुंजी धान्यबाजारातून आली. ओट्यावरची चकती बघून ती दारातच थांबली आणि हातातली हत्यारांची पेटी तिनं खाली ठेवलीच नाही.

"कडा चांगल्या मारल्यास," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी सांगणार होते."

"काटा पुन्हा खोटा करायचा नाही. कुणाचाच. निमित्त लागलं तरी नाही."

"नाही करणार."

"लागणारही नाही म्हणा आता." अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एक कागद ओढला. त्यावर वरच्या खोलीची लांबी-रुंदी आधीच लिहिलेली होती. "वरची जमीन फळ्यांची आहे. एका जागी फार भार चालायचा नाही. तिचं ते लोखंडी कपाट रिकामं किती भरतं?"

गुंजीनं पेटी खाली ठेवली. कागदावर वाकून ती म्हणाली, "पंचाहत्तर असेल."

"असेल नको. तोलून सांग. आणि भरलेलं?"

"पुस्तकं आहेत तिची. बरीच."

"मग भिंतीला लागून, तुळईवर. खिडकीपाशी नाही."

"अहो, आधी उद्याचं पत्र," माई आतून म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना त्या नोकरीला नाही म्हणून कळवू दे. कपाट मग तोला."

पुढच्या रविवारी सकाळपासून मोडके तराजू वरून खाली उतरत होते. एकेचाळीस निघाले. प्रत्येकाला अप्पा म्हणत, हा मी दुरुस्त करणार होतो. दुपारी जनावरं न्यायच्या गाडीतून डॉक्टरीणबाईंचं सामान आलं, आणि गाडीला शेळ्यांचा वास येत होता म्हणून गल्लीतली कुत्री मागे आली. अक्का बातमी ऐकून तातडीनं पोचल्या तेव्हा कपाट जिन्याच्या मध्यावर होतं. वरच्या टोकाला गुंजी आणि डॉक्टरीण, खालच्या टोकाला एकटे अप्पा, घामाघूम, गाल कपाटाच्या पत्र्याला टेकलेला.

"शेवटी काय निघालं?" अक्कांनी खालून विचारलं. "जन्माचं की वळणाचं?"

अप्पांना मान वळवता येत नव्हती. "अक्का," ते म्हणाले, "जिना अरुंद आहे. एक तर बाजूला हो, नाहीतर हे खालचं टोक धर."